वड्याचं तेल वांग्यावर

॥ श्री गुरवे नमः ॥



आजचं चिंतन रागावर. राग येऊ देऊ नका, असं सांगायचं नाही. माणूस आहे, राग येणारच. पण आलेला राग आपण कुणाच्या पदरात टाकतो, हे बघायचं.

आदिपर्वातली परीक्षित राजाची गोष्ट आठवा. राजा शिकारीला गेला. बाण लागलेलं हरीण निसटलं. तहान, भूक, थकवा. समोर शमीक ऋषी दिसले. "हरीण कुठं गेलं?" राजानं विचारलं. ऋषींचं मौनव्रत होतं, ते बोलले नाहीत. राजानं धनुष्याच्या टोकानं मेलेला साप उचलला आणि त्यांच्या गळ्यात टाकला. राग हुकलेल्या शिकारीचा, पडला कुणावर? जो उलट बोलणार नव्हता, त्याच्यावर!

पुढं काय झालं? ऋषींच्या मुलानं, शृंगीनं, शाप दिला. सात दिवसांत तक्षक डसेल. शमीकांना हे मुळीच पटलं नाही. त्यांनी राजाला सावध करायला शिष्य पाठवला, पण शाप फिरला नाही. राजा गेला. मग त्याचा मुलगा जनमेजय पेटला. अपराधी एकटा तक्षक, पण सर्पसत्राच्या अग्नीत पडू लागली सगळी सर्पजात. एका दिवसाची चिडचिड, आणि दुसऱ्या पिढीत त्याचा वणवा झाला.

आपल्या घरात वेगळं काय होतं? ऑफिसात साहेब बोलतो, तिथं मान खाली. घरी आल्यावर भाजीत मीठ जास्त वाटतं. आवाज चढतो बायकोवर. ती मुलाच्या पाठीत धपाटा घालते. मूल मांजराला लाथ मारतं. मानसशास्त्र याला भावनेचं विस्थापन म्हणतं. ॲना फ्रॉइड यांनी 1936 च्या आपल्या पुस्तकात मनाच्या अशा बचावाच्या युक्त्यांची मांडणी केली. आपल्या आज्या एवढंच म्हणायच्या, वड्याचं तेल वांग्यावर.

मन असं का करतं? साहेबावर ओरडलं तर नोकरी जाईल, ही भीती. घरची माणसं कुठं जाणार, हा भरवसा. म्हणजे जी माणसं आपल्याला सोडून जात नाहीत, त्यांनाच आपण त्याची शिक्षा देतो. आणि हे आपल्या ध्यानातही येत नाही.

सर्पसत्र थांबवलं आस्तिकानं. वडील ऋषी, आई नागकुळातली. तो ओरडला नाही, भांडला नाही. राजाची स्तुती केली, वर मागितला, "यज्ञ थांबव." राजा सोनं, गाई देऊ करत होता, तो मागण्यावरून हलला नाही.

या आठवड्याची साधना सोपी आहे. दाराशी चपला काढताना स्वतःला विचारा, "हा राग कुणाचा?" मनात त्या माणसाचं नाव घ्या. घरात सांगून टाका, "आज डोकं तापलंय, पण तुमच्यावर नाही." बोलायचंच असेल, तर शांत झाल्यावर ज्याचं त्याच्याशी बोला. लेकरावर उगाच ओरडला असाल, तर त्याला जवळ घेऊन तसं सांगा. त्यानं मोठेपणा कमी होत नाही.

आणि एक. घरात कुणी रोज दुसऱ्याचा राग झेलत असेल, तर ते झेलणं म्हणजे सेवा नव्हे. अशा वेळी वडीलधाऱ्यांनी गप्प बसू नये. आस्तिक व्हावं, मध्ये पडावं.

राग कुठंतरी थांबायलाच हवा. तो आपल्या उंबऱ्यावर थांबो, हीच सद्गुरुचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥