कासरा

आमच्या आजोबांच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती. म्हसाच्या जत्रेत घेतलेली नवी जोडी गाडीला जुंपून ते घरी निघाले होते. वाटेत ट्रकचा भोंगा वाजला, बैल बुजले, आणि मनगटाला दोन वेढे मारून घेतलेला कासरा बोट घेऊन गेला. ही हकीगत आजोबांनी कधी रंगवून सांगितली नाही. नातवंडांपैकी कुणी पहिल्यांदा बैलांमागे उभं राहिलं की ते तो हात नुसता पुढे धरायचे. “कासरा धरायचा. हाताला गुंडाळायचा नाय. बैल बुजला तर सोडायचा. बैल परत आणता येतो.”

दादाने हे माझ्याआधी ऐकलं, कारण तो थोरला. पण जमीन वाटून गेली, बैल विकले गेले, दादा मुरबाडला शाळेत मास्तर झाला आणि कासऱ्याची जागा डोंगरावरच्या दोराने घेतली. शहापूर-मुरबाडकडची आम्ही चौदा जणं दर महिन्याला कुठे ना कुठे चढायचो. माहुली, सिद्धगड, आजोबाचा डोंगर, नाणेघाट. गोरखगडाच्या कातळातल्या पायऱ्यांशी दादा नवख्यांसाठी दोर बांधायचा आणि प्रत्येकाला दरडावून सांगायचा, “काही झालं तरी दोर सोडायचा नाही.” त्याने आम्हाला सुखरूप नेलं आणि सुखरूप आणलं, वर्षानुवर्षं. पैसे त्याच्याकडे, डबे त्याच्या यादीप्रमाणे, औषधाची पिशवी त्याच्या पाठीवर. गाडीतून उतरलं की माणसं तोच मोजायचा. आम्हाला एवढी वर्षं चालूनही नकाशा वाचता येत नव्हता, कारण तशी वेळच कधी आली नाही. हे तेव्हा आम्हाला सुख वाटत असे.

शिडाच्या होडीचं खूळ आणलं किन्हवलीच्या मुलीने. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, मंडळात सगळ्यात लहान आणि सगळ्यात अबोल. नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून 2 ऑक्टोबर 2024 ला गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून 29 मे 2025 ला परत आल्या, त्याचं कात्रण तिने माहुलीच्या पायथ्याशी सगळ्यांना दाखवलं. “आपण शिकू या का?” एवढंच म्हणाली.

आमच्याकडे पाण्याला तोटा नाही. तानसा 1892 पासून मुंबईची तहान भागवतंय, भातसा आहे, बारवी आहे. पण लोकांच्या पिण्याच्या पाण्यात हौसेची होडी कोण घालू देणार? जिथे आमचं पाणी जातं तिथेच शिकायला जायचं ठरलं, मुंबईला. आणि खरं तर त्यात नवं काही नव्हतं. नाणेघाटातून उतरलेला माल आमच्या मुरबाडवरूनच कल्याणच्या बंदरात जात असे. मिसरहून जुलैत निघालेली गलबतं नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर इकडे येत आणि हिवाळ्यात वारा फिरला की परतत, म्हणजे घाटातले तांडेही शेवटी वाऱ्याच्याच पंचांगावर चालत असणार. यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यावर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. ज्या राजवटीने आमच्या घाटाच्या लेण्यात लेख कोरला, तिच्याच एका राजाने नाण्यावर जहाज घेतलं, हे मी दर वर्षी पोरांना शिकवते. तरीही आम्हा चौदा जणांपैकी निम्म्यांनी समुद्र फक्त चौपाटीवरून पाहिला होता.

दादाने नेहमीप्रमाणे वही उघडली. रविवार, पहाटेची लोकल, शहापूरकर आसनगावला चढतील, मुरबाडकर एसटीने कल्याणला. सगळं चोख. शिकवणारे काका नौदलातून निवृत्त झालेले, रत्नागिरीकडचे. त्यांनी फोनवर एकच विचारलं, “त्या दिवशी तिथी कोणती?”

दादाने सांगितलं, पौर्णिमा. चांदणं मिळेल परतताना.

“मग पुढचा रविवार घ्या.”

का, ते त्यांनी समजावलं. मुंबईला तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारभर ओहोटी, तीही उधाणाची, आणि नवख्यांची होडी बाहेरच्या अंगाला ओढणारी. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा. बारा वाजता पाणी तळाला, त्यानंतर हळूहळू भरती, ती आत आणणारी. शिवाय अष्टमीचं पाणी भांगाचं, ओढ कमी. वाऱ्याचंही तसंच. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळतो. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मंद वारा असतो, दुपारच्या सुमारास तो पडतो, आणि मग वायव्येकडून समुद्राचा वारा उठतो तो चारपर्यंत वाढत जातो. म्हणून नवख्यांनी सकाळी पाण्यात, आणि वारा चढायच्या आत काठावर. ज्या पंचांगावर आम्ही उपास आणि लग्नं ठरवतो त्यातच हे सगळं होतं. किन्हवलीची मुलगी बोटांवर पाऊणपट करत होती. दादाने नाराजीने तारीख खोडली.

पहिले दोन रविवार काकांनी आम्हाला पाण्यात जाऊच दिलं नाही. वाळूवर उलटी ठेवलेली होडी, गाठी, आणि डोळे मिटून कानाच्या पाळीवर वारा कुठून लागतो ते ओळखणं. पोहता न येणाऱ्या तिघींना आधी लाइफ जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात उताणं तरंगायला लावलं. मग छोट्या, दोघांच्या होड्या. काका शेजारून इंजिनाच्या बोटीत.

दादाच्या होडीत मी होते. सुकाणूचा दांडा त्याने एका हातात घेतला, शिडाचा दोरही दुसऱ्या हातात घेतला. दोघांत वाटून घ्यायचं असतं, पण त्याला सवय नव्हती. तासभर मजेत गेला. मग डावीकडचं पाणी काळवंडलं. वाऱ्याचा झोत पाण्यावरून येताना असा दिसतो, शेतावरून ढगाची सावली सरकावी तसा. झोत शिडावर आदळला, होडी वाऱ्याआड झुकली. दादाने माहुलीवर जे केलं असतं तेच केलं. दोर घट्ट धरला. होडी आणखी झुकली, त्याने हाताला वेढा घेतला. काका ओरडत होते, “सोडा! अहो मास्तर, सोडा तो!” तो अंगातलं सगळं बळ लावून ओढत होता. मग आम्ही दोघं पाण्यात होतो आणि शीड आमच्या शेजारी आडवं पसरलं होतं.

होडी सरळ करायला काकांनी आम्हालाच लावलं. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याकडे वळवायची, तळातून बाहेर आलेल्या फळीवर उभं राहून वजन टाकायचं, सावकाश ती उठते. काठावर आल्यावर त्यांनी दादाचा हात हातात घेऊन पाहिला. मनगटावर दोन लाल कडी उमटली होती, कातडं सोललं होतं.

काका रागावले नाहीत. म्हणाले, “डोंगरावर दोर तुम्हाला धरतो. इथे दोराच्या दुसऱ्या टोकाला वारा आहे. तुम्ही जितकं आवळाल तितकं शीड वारा भरून घेईल आणि होडीला आडवं करील. दोर सैल सोडलात की शीड फडफडतं, वारा निघून जातो, होडी आपोआप उभी राहते. तेवढ्यात विचार करायला वेळ मिळतो. मग पुन्हा घ्या.”

दादा मनगटाकडे बघत राहिला. परतीच्या गाडीत तो बोलला नाही. कळवा गेल्यावर हळूच म्हणाला, “आजोबांचा हात आठवतो तुला?”

त्यानंतरच्या रविवारी तो नीट शिकला असं सांगायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. दोर सोडायला तो शिकला लवकर, बोटांनी. बाकीचं सोडायला त्याला महिने लागले. शेवटी आम्ही सहलीचा बेत केला, तीन मोठ्या होड्या, घारापुरीच्या दिशेने जाऊन परत. या होड्यांच्या तळाला जड धातूचं वजन असतं, त्या सहजी उलटत नाहीत. दादाने चार पानांची यादी केली आणि पुढच्या होडीतून फोनवर मागच्यांना सूचना देण्याचं ठरवलं. काका यादी शांतपणे वाचून म्हणाले, “तुमच्या होडीवरून मागच्या होडीचा वारा तुम्हाला कसा कळणार?”

दादाने वही मिटली. बराच वेळ तो गप्प होता. मग एकेक पान फाडून ज्याचं त्याच्याकडे दिलं. पाण्याचे कॅन कुणाकडे, किती वाजता मागे फिरायचं ते कुणी ठरवायचं, काठावर कुणाला कळवून ठेवायचं, मळमळलं तर काय. पैशाची पिशवी एकीकडे, औषधांची दुसरीकडे. किन्हवलीच्या मुलीकडे त्याने पान दिलं नाही. तिला म्हणाला, “आमच्या होडीचा दांडा तू घे.”

ती पौष महिन्यातली अष्टमी होती. दादा शिडाचा दोर धरून बसला होता, ती दांड्याशी, आणि काका हाताची घडी घालून मागे. घारापुरीचे डोंगर समोर मोठे होत होते. दीडच्या सुमारास तिने मान वळवली. डावीकडचं पाणी काळवंडलं होतं. मला वाटलं दादा काही तरी म्हणेल. त्याचे ओठ हललेही.

“दादा, सोडा,” ती म्हणाली.

त्याने सोडला. शीड फाडफाड वाजलं, होडी सरळ झाली, झोत आमच्या डोक्यावरून निघून गेला.

“आता घ्या.”

त्याने घेतला. असं त्या दुपारी कितीतरी वेळा झालं. “सोडा.” “घ्या.” बैलाला हाकताना आजोबा जो आवाज काढत तो असाच, मोठा नसलेला. मधल्या होडीत कुणाला तरी मळमळायला लागलं, तेव्हा औषधाच्या पिशवीआधी आल्याच्या वड्यांचा डबा निघाला. तो कुणाच्याच यादीत नव्हता. धसईच्या वहिनींनी आपणहून घरून करून आणला होता. ज्याच्याकडे वेळेचं पान होतं त्याने बेटाच्या बऱ्याच अलीकडून होड्या फिरवल्या. दादाला पुढे जायचं होतं हे मला त्याच्या पाठीवरून कळत होतं. तो दोर हातात घेऊन बसून राहिला.

परतताना कसारा लोकल गच्च भरली होती. कल्याणला मुरबाडचे सात जण उतरायचे, शहापूरचे पुढे जायचे. दरवाज्यात उभं राहून किन्हवलीची मुलगी फलाटावरची माणसं मोजत होती. मोजणं कुणी तिला नेमून दिलं नव्हतं.

“सहा,” ती ओरडली. “एक कमी आहे!”

मी वळून पाहिलं. खिडकीशी दादा गाढ झोपला होता. मनगटावरची कडी आता पांढुरकी झाली होती आणि तळहात मांडीवर उताणा, उघडा पडला होता. गाडीने भोंगा दिला. ती गर्दीतून आत शिरली, त्याच्या खांद्याला हलवून म्हणाली, “दादा, उठा, कल्याण आलं.” तो धडपडत उतरला, फलाटावर येऊन उभा राहिला आणि सवयीने बोट वर करून आम्हाला मोजायला लागला. मग गाडीच्या दरवाज्यातल्या तिच्याकडे पाहून त्याने हात खाली घेतला.