भिंतीची किंमत आणि मनाची

शेजाऱ्याच्या हयगयीनें आपली भिंत पडल्यास भरपाई मागतां येते, याविषयीं दुमत नाहीं. पण ती कोसळतांना पाहून मनास जो धक्का बसतो, त्याचें काय? शेजारी कोण, याचें उत्तर इंग्लंडांत लॉर्ड अ‍ॅट्किन यांनीं १९३२ सालीं दिलें: आपल्या कृत्याची झळ ज्यास पोहोंचेल हें आधींच ध्यानांत यावयास हवें, तो. या अर्थानें ब्रिटिश गॅसचे कामगारही शेजारीच. एका बाईंच्या घरीं काम करतांना त्यांच्या हातून आग लागली. बाई परतल्या तों घर पेटलेलें! घराची भरपाई मिळाली. मनोविकाराची मागणी खालच्या न्यायाधीशांनीं अमान्य केली. परंतु अपील न्यायालयानें १९८७ सालीं ठरविलें कीं, असा विकार होईल हें आधीं ओळखतां येण्याजोगें असल्यास दावा चालूं शकतो. मात्र नुसतें दुःख पुरत नाहीं, वैद्यांनीं मानलेला विकार हवा.

खोट्या अश्रूंची रीघ लागूं नये म्हणून ही अट असेल. पण आमच्या ओळखीच्या एका वृद्ध बाईंचें देवघर शेजारच्या निखाऱ्यांनीं जळालें, तेव्हां महिनाभर त्यांना अन्न गोड लागलें नाहीं. त्या वैद्याकडे गेल्या नाहींत. आणि छपराचे पैसे आपण केव्हांच चुकते केले, असें शेजारी अद्याप सांगत असतो.