सोडलेला चरण

नारायणगडावर, नगद नारायणांच्या या धाकट्या पंढरीत, कीर्तन ऐकताना माझं लक्ष बुवांपेक्षा मागच्या टाळकऱ्यांकडे जास्त असतं. निरूपण करता करता बुवा चरणाशी येतात, अर्धा म्हणतात आणि सोडून देतात. गायनाचार्य तो वरच्या वर उचलतात, टाळकरी झेलतात, मृदंगावर थाप पडते, लय चढत जाते. ऐन भरात बुवांचा हात वर गेला, की पुन्हा एकट्याचा आवाज. पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे एकटा पियानो आणि वाद्यवृंद यांची रचना, हे नाव मी फार उशिरा ऐकलं; एकानं सोडायचं आणि अनेकांनी उचलायचं, हे मात्र मला इथंच कळलं होतं.

कॉन्चेर्टो या शब्दाचा लॅटिन अर्थ झुंजणं, इटालियन अर्थ जुळवून घेणं. कल्पनाही या दोन टोकांमध्ये फिरत राहिली. मोझार्टकडे ती संवाद होती. लिस्टच्या काळात वादक वाद्यवृंदाशी भिडणारा वीर झाला. मग १९२५ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गर्शविननं आपल्या कॉन्चेर्टोत चार्ल्सटन नाचाचा ठेका आणि ब्लूजची हुरहुर आणली. तिथं झुंज उरली नाही, रस्त्यावरची वर्दळ आली.

मला खरं धरून ठेवलं ते सॅम्युएल बार्बरच्या कॉन्चेर्टोनं. पियानोवादक जॉन ब्राउनिंगसाठी लिहिलेला हा कॉन्चेर्टो २४ सप्टेंबर १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये प्रथम वाजला. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. सुरुवातीला पियानो एकटाच बोलतो, करारी, थोडा दुखावलेला. इथवर मला ओळखीचं वाटलं: बुवा बोलताहेत, मागचे थांबलेत. मधला भाग मूळचा बासरी आणि पियानोसाठी १९५९ साली लिहिलेला. त्या काळ्याशार शांततेत कुणी कुणावर मात करत नाही.

शेवटचा भाग मात्र पाच मात्रांचा. झपतालाच्या अर्ध्या आवर्तनाएवढा, पण भन्नाट वेगाचा. या वेगात तो वाजवणं अशक्य आहे असं पियानोवादक होरोविट्झनं सांगितल्यावर बार्बरनं त्यात बदल केले. मी गुडघ्यावर बोटं मोजत ऐकतो. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत वाढलेला हात प्रत्येक वेळी चुकतो. असाच चुकत असताना एकदा ध्यानात आलं, की तो पाचाचा ठेका खालच्या पट्टीत खुद्द पियानोच धरून आहे आणि वाद्यवृंद त्यावर उसळतोय. ज्याला मी बुवा समजत होतो, तो इथं मृदंग झाला होता! एकट्यानं पुढं राहावं, ही माझी समजूत तिथं मोडली.

त्यानंतर गडावरचं कीर्तनही मला वेगळं ऐकू येऊ लागलं. परवा गायनाचार्यांची चाल रंगली, तेव्हा बुवा बोलायचे थांबले. गळ्यातले टाळ हातात घेतले, दोन पावलं मागं सरकून रांगेत उभे राहिले आणि बराच वेळ नुसता ठेका धरत राहिले.