एका नकाशाची जहाजे

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बंगळुराच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतील आमच्या कचेरीत दरवर्षी भोंगा वाजतो, आणि सात मजल्यांवर पडद्यांकडे डोळे लावून बसलेली माणसे, कोणी चहाचा पेला तसाच ठेवून, कोणी अर्धे वाक्य तसेच सोडून, जिन्यांनी खाली उतरतात व हिरवळीवरील एका फलकापाशी रांगा करून उभी राहतात. आमच्या मजल्याची फ्लोअर वॉर्डन ही आमच्या खात्यातील सर्वांत कनिष्ठ अभियंता आहे. परंतु हिरवे जाकीट अंगात घालून, हातातील यादीवर एकेका नावापुढे खूण करीत ती फिरू लागली, की तेवढ्या वेळेपुरता तिचा शब्द संचालकांनाही मोडता येत नाही. 14 एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुटी असल्यामुळे ही कवायत एक-दोन दिवस पुढे ढकलली जाते. पण अग्निशमन सेवा सप्ताहाचा आरंभ नेमका त्याच तारखेला का धरावयाचा, असे यंदा मी शेजारी उभ्या असलेल्या तरुणांना विचारले, तेव्हा त्यांच्यातील दोघा मुंबईकरांनाही ते सांगता आले नाही.

ती तारीख मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतील आहे, साल 1944 आहे, आणि त्या दिवशी तेथे धक्क्याला लागलेल्या जहाजाचे नाव ‘फोर्ट स्टिकीन’ असे होते.

ते जहाज असाधारण नव्हते, आणि माझ्या मते त्याच्याविषयी प्रथम सांगावयाची गोष्ट हीच आहे. जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवीत होत्या त्या वेगाने ती नव्याने बांधता येईनात, तेव्हा इंग्लंडातील संडरलँड येथील एका साध्या मालवाहू जहाजाचा नकाशा प्रमाण धरून कॅनडातील कारखान्यांनी एकामागून एक जी जहाजे पाण्यात सोडली, त्यांना तेथील जुन्या व्यापारी ठाण्यांची व गढ्यांची नावे दिली गेली आणि त्यांची ‘फोर्ट’ अशी एक जातच झाली. फोर्ट स्टिकीन हे त्यांतलेच, 1942 साली प्रिन्स रूपर्ट या लहानशा बंदरात बांधलेले, 7,142 टनांचे. कोळशावर चालणारे जुन्या धाटणीचे वाफेचे इंजिन, ताशी अकराएक सागरी मैलांचा वेग, आणि आत मालासाठी मोठमोठे मोकळे कप्पे, याहून अधिक त्यात काही नव्हते. याच नकाशाच्या वंशातून अमेरिकेने ‘लिबर्टी’ जातीची 2,710 जहाजे काढली.  ज्या शिल्पात कारागिराची सही दिसते त्याचे आपण कौतुक करतो. पण ज्या नकाशाने स्वतःचे वैशिष्ट्य सोडून कोणत्याही गावच्या, कालपर्यंत दुसराच धंदा करणाऱ्या कामगाराच्या हाती उतरण्याचे पत्करले, त्याच्यातील औदार्य मला त्याहून मोठे वाटते. त्या जहाजांनी युरोपाला अन्न पोहोचविले, हे विसरून त्यांच्याविषयी बोलणे अन्यायाचे होईल.

तथापि सर्वांना सारखा असणारा कप्पा आपल्यात काय भरले जात आहे, हे विचारीत नाही. फोर्ट स्टिकीन 24 फेब्रुवारी 1944 रोजी बर्कनहेडहून निघाले तेव्हा त्यात सुमारे 1,400 टन स्फोटके व दारूगोळा, विमाने, आणि हिंदुस्थानच्या नाणेव्यवहारास आधार म्हणून पाठविलेल्या सोन्याच्या 124 लगडी होत्या. कराचीस काही माल उतरला, आणि रिकामी झालेली जागा फुकट जाऊ नये म्हणून तेथे कापसाच्या 8,700 गठड्या व वंगणतेलाची पिंपे चढविण्यात आली. दुसऱ्या क्रमांकाच्या कप्प्यात तळाशी कापूस होता आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटके. यांतील प्रत्येक वस्तू कोठल्या ना कोठल्या दप्तरात रीतसर नोंदलेली होती. कापूस पाठविणाऱ्याला कापूस ठाऊक होता, सोने रवाना करणाऱ्याला सोने, दारूगोळ्याच्या खात्याला दारूगोळा. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने तांबडे निशाण लावावे असा जुना शिरस्ता, तोही युद्धाच्या घाईत बाजूस पडला होता. त्यामुळे 12 एप्रिलला गोदीत आलेल्या या जहाजाकडे पाहून शेजारच्या जहाजावरील खलाशाला यत्किंचितही शंका येण्याचे कारण नव्हते.

14 तारखेस दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला आणि पहिला स्फोट झाला तो चार वाजून सहा मिनिटांनी. या दोन तासांवर माझे मन पुनःपुन्हा जाऊन थांबते. बंब वेळेवर आले, पाण्याचा मारा सुरू झाला, जहाजावर जाणती माणसे जमली. दारूगोळ्याच्या जाणकाराने जहाज जागच्या जागी बुडवावे असे सुचविले, गोदीच्या अधिकाऱ्यास ते ओढून समुद्रात न्यावे असे वाटले, आणि कप्तानाला तर वरून स्पष्ट हुकूम हवा होता. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य होते. पण जहाज सरकारचे, गोदी पोर्ट ट्रस्टची, माल लष्कराचा आणि आग शमविणे बंबवाल्यांचे अशी वाटणी झाल्यावर ‘आता सर्वांनी येथून निघून जा’ एवढे पाच शब्द उच्चारण्याचा अधिकार नक्की कोणाकडे उरला, याचा उलगडा त्या दोन तासांत झाला नाही. जहाजाच्या पोलादी कुशीवरचा रंग उष्णतेने फोड येऊन गळू लागला होता आणि खाली नळ्या धरलेले जवान आपल्या जागा सोडीत नव्हते. त्यांतील सहासष्ट जण गेले. एकूण मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत निरनिराळा दिला जातो. या अनिश्चिततेतच गोदीतल्या रोजंदारीवरील हमालाची त्या काळच्या हजेरीपटावरील किंमत दिसते. धक्का सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला, अर्ध्या तासात दुसरा स्फोट झाला, वस्त्याच्या वस्त्या जळाल्या, बंगालच्या दुष्काळानंतर वर्षाच्या आत हजारो टन धान्य खाक झाले, आणि गोदी साफ करण्यास आठ हजार माणसांना सात महिने लागले.

शेजारी उभे असलेले ‘जलपद्म’ स्फोटाने उचलले जाऊन त्याचा मागचा भाग गोदामावर जाऊन पडला. ते सिंदिया कंपनीचे, म्हणजे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचे. याच वालचंदांनी डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी केली, आणि 1941 साली विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी करविली. प्रिन्स रूपर्टसारख्या कोपऱ्यातील बंदराला दहा हजार टन माल वाहणारी जहाजे बांधण्याचे काम मिळाले, आणि विशाखापट्टणमचे पहिले जहाज ‘जलउषा’ पाण्यात उतरण्यास 1948 साल उजाडले, याची खंत मला आजही वाटते. तो प्रमाण नकाशा आमच्याही हाताला साधला असता.

आज मी ज्या गावात पोट भरतो तेथे तर त्या नकाशाचेच राज्य आहे. कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर यांच्या शिवारातील 332 एकरांवर रामकृष्ण बाळिगांच्या कल्पनेने केऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या कंपनीने ही वसाहत मांडली. येथे आम्ही जे घडवितो ते अशाच सारख्या मापाच्या कप्प्यांनी घडवितो. प्रत्येक तुकडीचा कप्पा निराळा, त्याचे तोंड तेवढे ठरलेले, आत काय आहे ते इतरांनी विचारावयाचे नाही. ही शिस्त नसती तर हजारो माणसांना एक काम मिळून करता आले नसते. काही वर्षांपूर्वी एका रात्री आमच्या हातची एक मोठी व्यवस्था कोलमडली. फोनवर आम्ही चौदा जण होतो, आणि प्रत्येकाच्या पडद्यावर आपापला भाग हिरवा दिसत होता. व्यवस्था थोडा वेळ बंद करावी, असे आमच्यातील निम्म्यांच्या मनात पहिल्या वीस मिनिटांतच आले होते, हे आम्ही मागाहून एकमेकांना सांगितले. प्रत्यक्ष बंद करण्याचा निर्णय झाला तो पहाटे. तेथे कोणाचा जीव जावयाचा नव्हता. पण त्या रात्रीपासून व्हिक्टोरिया गोदीतले ते दोन तास मला परक्यांचे वाटत नाहीत, आणि मुखत्यारी नसताना जमलेली जाणती मंडळी किती असहाय असतात, याचे ज्ञान मला पुस्तकातून झालेले नाही.

यंदाची कवायत संपली आणि वर जाण्यापूर्वी मी फाटकाबाहेर होसूर रस्त्यावर आलो. अत्तीबेलेकडे तोंड करून एक ट्रेलर उभा होता, त्यावर चाळीस फुटी कंटेनर, दाराला क्रमांकाचे सील. त्याच्या कुशीवर तांबड्या रंगाची, टोकावर उभी केलेली चौकट चिकटविली होती. तीत ज्वाळेचे चित्र, खाली 3 हा आकडा, म्हणजे आत पेट घेणारा द्रव पदार्थ. एका कोपऱ्यात तिचा कागद सुटून वाऱ्याने फडफडत होता. चालक खाली उतरला, त्याने तो कोपरा अंगठ्याने दाबून पाहिला, आणि तो पुन्हा सुटला तेव्हा केबिनमधून चिकटपट्टीची गुंडाळी आणून, दातांनी तुकडा तोडून, चारी बाजूंनी नीट बसविला.