आजचं चिंतन : गीता २.६४ आणि उघड्या पाठीचा हेडफोन



स्थितप्रज्ञाच्या श्लोकांमधून आपण रमतगमत पुढे चाललोय. मागच्या आठवड्यात ५८ वा झाला, कासवाचा. आज ६४ वा.

कासवाचा श्लोक सगळ्यांनाच आवडतो. एक तर चित्र लगेच डोळ्यांसमोर येतं, आणि दुसरं म्हणजे तो आपल्याला सोयीचा वाटतो. बाहेरचं नकोसं झालं की अंग आत ओढून घ्यायचं, झालं. ६४ व्या श्लोकापाशी मात्र फारसं कुणी थांबत नाही. तिथे भगवंत असं सांगतात की ज्याची इंद्रियं राग आणि द्वेष यांतून सुटलेली आहेत आणि स्वतःच्या ताब्यात आहेत, असा माणूस विषयांमध्ये वावरत असतानाच प्रसाद मिळवतो. (राग म्हणजे इथे चीड नव्हे हं, ओढ. मराठी माणसाचा गीता वाचताना हमखास गोंधळ होतो तो इथेच.) प्रसाद म्हणजे गढूळ पाणी निवळल्यावर जसं होतं, तसं मन.

मला अडवतो तो 'वावरणं' हा शब्द. इंद्रियं बंद केली असं इथे म्हटलेलंच नाही. डोळे उघडे, कान उघडे, माणूस घरात, बाजारात, माणसांत. अर्जुनाने ५४ व्या श्लोकात विचारलं होतं की असा माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. ऐकतो कसा, हे त्याने विचारलं नाही. आज आपण विचारूया, आणि त्यासाठी मी एक अगदीच अध्यात्मिक नसलेली वस्तू मधे आणणार आहे.

गेले आठ महिने मी घरी ओपन-बॅक हेडफोन वापरतेय. सेनहायझरचा एचडी ६००. मॉडेल जुनंच आहे, १९९७ चं. ज्यांना ओपन-बॅक म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नेहमीच्या हेडफोनला कानामागे बंद वाटी असते. आवाज आत कोंडलेला राहतो आणि बाहेरचा आत येत नाही. ओपन-बॅकमध्ये त्या वाटीच्या जागी जाळी असते. त्यामुळे आवाज मागूनही मोकळा सुटतो, आणि घरातला सगळा आवाज आत येतो. कुकरची शिट्टी, खालच्या रिक्षाचा हॉर्न, पंखा, सगळं. या कल्पनेची सुरुवातही याच कंपनीच्या १९६८ सालच्या एचडी ४१४ पासून झाली. पिवळ्या स्पंजचे हेडफोन जुन्या फोटोंत पाहिले असतील, तेच.

मग असला 'गळका' हेडफोन कुणी का घ्यावा? ऐकायला सुंदर आहे म्हणून. आवाज डोक्याच्या आत घुमल्यासारखा वाटत नाही, समोर आणि आजूबाजूला मांडल्यासारखा वाटतो. वारकरी कीर्तनाचं चांगलं रेकॉर्डिंग लावलं तर टाळकऱ्यांची रांग डावीकडून उजवीकडे उभी आहे हे कळतं. पंडित भीमसेन जोशींची संतवाणी लावली की तान सुरू होण्याआधीचा श्वास ऐकू येतो, आणि तानपुरा मागे भिंतीसारखा न राहता त्याच्या तारा वेगवेगळ्या होतात. आता उणं काय ते. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा तो पोटात जाणारा धूम इथे जरा हलका लागतो, बंद हेडफोनमध्ये तो जास्त भरतो. नवा असताना डोकं चांगलंच आवळतो. वजन २६० ग्रॅम म्हणजे त्रास नाही, पण मे महिन्यात मखमली गाद्यांखाली कान घामेजतात. शिवाय ३०० ओहमचा असल्यामुळे नुसत्या फोनवर तो दबल्यासारखा वाजतो, छोटा अँप लागतो. गाद्या आणि वायर सुट्या मिळतात, बदलता येतात, हे मला फार आवडलं.

पण मी तो घेतला तो आवाजासाठी नाही, आजीसाठी. आजी आतल्या खोलीत असते, तिचा आवाज आता बारीक झालाय आणि हाक मारली की ती एकदाच मारते. दुसऱ्यांदा मारत नाही, स्वतः उठायला बघते. पडण्याची भीती तिथेच. मग घरात नॉइज कॅन्सलिंग कसे चालणार? म्हणून हा.

आणि मग रोज संध्याकाळी एक प्रश्न समोर येऊ लागला, जो मला वाटतं आपल्यापैकी बऱ्याच जणांचा आहे. वन बीएचकेमध्ये, शेअरिंगच्या खोलीत, पीजीत राहून साधना करणाऱ्यांचा तर नक्कीच. श्रवण ही नवविधा भक्तीतली पहिली भक्ती. दासबोधाच्या चौथ्या दशकाचा पहिलाच समास श्रवणभक्तीचा आहे. मग मी हरिपाठ ऐकत असताना आजीची हाक आली, तर तो श्रवणातला व्यत्यय की तेही श्रवणच? आणि व्यत्यय असेल तर कान बंद करून घेण्याचा हक्क मला आहे का?

हक्क आहे, असं म्हणणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. सहाव्या अध्यायात भगवंत स्वतः एकांत सांगतात. पूर्वी गुहा होती, आता घाटकोपरला गुहा कुठून आणायची? नॉइज कॅन्सलिंग हीच आमची गुहा, असं एक मैत्रीण म्हणते, आणि तिच्या खिडकीखालून चोवीस तास ट्रक जातात हे मला माहीत आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या डीजेसमोर कान उघडे ठेवण्यात कसलंही पुण्य नाही, कानांचं नुकसान मात्र आहे. लोकलमध्ये तर मी स्वतः बंदवालेच वापरते आणि वापरत राहीन.

तरी कासवाकडे नीट बघा. कासव स्वतःचे अवयव आत घेतं, स्वतःच्या ताकदीने. आणि गरज सरली की बाहेर काढतं, नाहीतर चालणार कसं? आत घेणं जसं त्याच्या हातात, तसं बाहेर काढणंही. आपण बटण दाबून बाहेरचा आवाज पुसतो तेव्हा इंद्रिय आवरलेलं नसतं, फक्त विषय लांब गेलेला असतो. ५९ व्या श्लोकात हेच येतं: उपाशी राहिलं की विषय सुटतात, गोडी सुटत नाही. तिसऱ्या अध्यायाच्या सहाव्या श्लोकात तर भगवंत आणखी कडक आहेत. हातपाय आवरून बसलेला पण मनाने विषय घोळवणारा, त्याला ते सरळ ढोंगी म्हणतात. कान पूर्ण बंद, जप चालू, आणि डोक्यात ऑफिसमधला मॅनेजर. ओळखीचं वाटतंय ना?

इथे यंत्राच्या कामातलीच एक गंमत सांगते. नॉइज कॅन्सलिंगमध्ये माइक बाहेरचा आवाज ऐकतो आणि यंत्र बरोबर उलटी लहर तयार करून तो पुसतं. हे सर्वात चांगलं जमतं ते एकसुरी आवाजांच्या बाबतीत: एसीची घरघर, विमानाचं इंजिन, गाडीचा गुंजारव. अचानक आलेला आवाज आणि माणसाचं बोलणं त्याला तितकं पुसता येत नाही. ते काम मग कानावरची जाड गादी आणि वाढवलेला व्हॉल्यूम करतात. मला हा फरक विचार करण्यासारखा वाटतो. एसीची घरघर आपल्याकडे काही मागत नाही. ती पुसली तर कुणाचं काही बिघडत नाही. हाक मात्र मागते. बाहेरून येणारे सगळे आवाज 'डिस्टर्बन्स' या एकाच टोपलीत टाकायचे आणि मग त्या टोपलीवर झाकण ठेवायचं, यात आपण घरघर आणि हाक एकाच किमतीला विकतो.

पुंडलिकाची गोष्ट आपण इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यातलं धाडस दिसेनासं झालंय. तो आईवडिलांची सेवा करत होता. दारात साक्षात देव आला. पुंडलिकाला ते कळलं, आणि तरी तो उठला नाही. वीट फेकली, म्हणाला यावर थांब. म्हणजे त्याचे कान दोन्हीकडे उघडे होते. देवाची चाहूल लागली नाही म्हणून तो बसून राहिला असं नव्हे. ऐकून, समजून, त्याने ठरवलं की थांबायचं कुणी. आणि देव थांबला, अजून उभा आहे. आपण संध्याकाळी सात वाजता नेमकं उलट करतो. आई हाक मारते, तिला हातानेच 'थांब' म्हणतो, कारण कानात विठ्ठलाचा अभंग चालू आहे. त्या अभंगातला देव कुणासाठी विटेवर थांबलाय, एवढं तरी लक्षात असावं.

आता ६४ व्या श्लोकाचा खरा मुक्काम. अभंग रंगात आलाय, अंतरा वर चढलाय आणि आतून हाक येते. त्या अर्ध्या सेकंदात मनात काय हलतं ते बघा. अभंग सोडवत नाही, हा राग. हाक नकोशी वाटते, हा द्वेष. दोघे एकाच वेळी, एकाच कानात. बंद हेडफोनमध्ये ही जोडी दिसतच नाही, कारण हाक पोचतच नाही. माणसाला वाटतं मी किती शांत. उघड्या हेडफोनमध्ये संध्याकाळभरात दहा वेळा दिसते. दहा वेळा पॉज दाबायचा, हेडफोन गळ्यात घ्यायचा, जायचं. पाणी द्यायचं, उशी सरकवायची, कधी नुसतंच "काही नाही गं, तू आहेस ना बघितलं" ऐकून परत यायचं. हा शेवटचा प्रकार सगळ्यात अवघड. कामासाठी उठणं सोपं असतं, विनाकारण उठणं नाही.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. रोज दहा वेळा उठणारी व्यक्ती घरात बहुतेक वेळा एकच असते, आणि ती बहुतेक वेळा बाई असते. तिला 'कान उघडे ठेव, हीच साधना' असं सांगणं हा उपदेश कमी आणि सोय जास्त. आमच्याकडे म्हणून भावाची पाळी ठरलेली आहे: साडेआठ ते साडेनऊ हाका त्याच्या. त्या तासात मला खोलीचं दार लावून बसता येतं. गीतेतला एकांत कुणाला तरी कुणीतरी मिळवून द्यावा लागतो, हे गुहेत राहणाऱ्यांना दिसलं नसेल, फ्लॅटमध्ये दिसतं.

जाळीचा दुसरा गुण: आवाज बाहेरही जातो. शेजारी बसलेल्याला टाळांची बारीक किणकिण ऐकू येते. भाऊ अभ्यास करत असेल तर त्याच्यासाठी माझा हरिपाठ म्हणजे डासाची गुणगुण. लाउडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी घालणारा नियम २००० साली झाला, हेडफोनला नियम नाही. तिथे आपणच आपले तहसीलदार. आणि फुल स्पीडच्या पंख्याखाली ओपन-बॅक लावून व्हॉल्यूम चढवत नेऊ नका, ते कानांना महागात पडेल. मी पंखा दोनवर ठेवते आणि आवाज इतकाच की हाक ऐकू यावी. हेच माझं माप झालंय.

आणखी एक सापळा आहे. चांगल्या हेडफोनवर माणूस अभंग ऐकायचं सोडून रेकॉर्डिंग ऐकू लागतो. श्वास ऐकू आला, वा! पेटीचा भाता ऐकू आला, वा! मग दुसरा अँप, मग वरचं मॉडेल. ६२ व्या श्लोकातली घसरगुंडी विषयाचं चिंतन करण्यापासून सुरू होते, आणि हेडफोनचे रिव्ह्यू रात्री दोनपर्यंत वाचणं हे चिंतनच की. गोड आवाज आवडणं मला दोष वाटत नाही. गोडी होती म्हणूनच तर अभंग गायले गेले. पण ओळ संपल्यावर मनात नाम राहिलं की टाळाचा टिंबर, हे ज्याचं त्याला कळतं.

परवा आजीच्या कानांवर हेडफोन ठेवला. तिने मिनिटभर ऐकलं, मग विचारलं, "भजन शेजारी चाललंय का?" मी म्हटलं, नाही गं, यातच. "मग ते कुकरचं काय?" कुकर आमचाच होता. चौथी शिट्टी झाली होती, गॅस बंद करायला गेले.

उद्या ६५ वा श्लोक: प्रसाद मिळाल्यावर पुढे काय होतं. शक्य असेल तर आज रात्री ६२ ते ६४ एकदा सलग वाचून ठेवा.

राम कृष्ण हरी.