सेवेचा हेतू आणि नकाराचे स्वातंत्र्य

दुःखिताच्या दाराशी धावून जाणाऱ्या मनुष्याच्या मनात, त्या दुःखिताने पुढेमागे आपला धर्म स्वीकारावा अशी इच्छा असेल, तर त्याच्या त्या धावून जाण्यास सेवा म्हणावे की व्यापार म्हणावे? हा प्रश्न वादसभेत विचारला म्हणजे त्याचे उत्तर ज्याच्या त्याच्या पक्षाप्रमाणे तात्काळ मिळते. परंतु जो घेणारा आहे त्याच्या ओसरीवर बसून तो विचारला, तर उत्तर इतके सोपे राहत नाही. तेथे बसूनच तो विचारावा, असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आमच्या विदर्भात हा प्रश्न नवा नव्हे. १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी नागपुरास आला. त्याने शाळा काढली, गोंडादी जमातींविषयी परिश्रमपूर्वक टिपणे जमविली आणि १८६३ मध्ये पाण्यात बुडून त्याचा अंत झाला. पुढे त्याच्या नावाने निघालेल्या महाविद्यालयातून विद्वान, वकील व देशभक्त यांच्या कित्येक पिढ्या बाहेर पडल्या. त्यांतील बहुतेक सारे ज्या धर्माचे म्हणून आत गेले त्याच धर्माचे म्हणून बाहेर आले. चांद्यास, म्हणजे आजच्या चंद्रपुरास, स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन होते; तेथे काम केलेले अलेक्झांडर वुड पुढे नागपूरचे बिशप झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर हिंदुस्थानातील अनेक प्रोटेस्टंट पंथ एक होऊन जे नवे संयुक्त चर्च निर्माण झाले, त्याची स्थापनाही नागपुरासच झाली. तात्पर्य, चर्च आणि त्याच्या शेजारची घरे यांचा संबंध ही आमच्याकडे पुस्तकात वाचावयाची गोष्ट नाही.

आता नागभीडकडचे एखादे कुटुंब कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. हा मुलूख झाडीपट्टीचा. धानाच्या बांध्यांचा आणि मालगुजारी तलावांचा. उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपाने यांवर चार पैसे मिळतात, आणि रोवणीच्या दिवसांत हात भरलेले असले तरी कोठी रिकामी असते. अशा दिवसांत घरधनी तापाने अंथरुणास खिळला आहे. जवळच्या चर्चमधली चार माणसे येतात. तांदूळ व डाळ ठेवतात, आजाऱ्यास गाडीत घालून ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात पोचवितात, मुलीच्या वह्यापुस्तकांची सोय करतात. निघताना घरच्यांना विचारून खाटेशेजारी उभे राहून प्रार्थना करतात. आणि पुढच्या रविवारी प्रार्थनेस यावे असे आमंत्रणही देऊन जातात. ती गेल्यावर घरातला म्हातारा म्हणतो, ‘तांदूळ घेतले, आता देवही घ्यावा लागेल.’ आणि घरातली सून म्हणते, ‘मामाजी, आपल्या माणसांपैकी कोण आले होते?’ माझ्या मते साऱ्या वादाचे सार ह्या दोन वाक्यांत आहे, आणि ही दोन्ही वाक्ये खरी आहेत.

ह्या प्रश्नाला दोन ठराविक उत्तरे आहेत. पहिले असे की, खरी सेवा निर्हेतुक असते. जेथे हेतू आला तेथे सेवा संपली. गीतेच्या निष्काम कर्माचा संस्कार असलेल्या आपल्या मनाला हे उत्तर चटकन पटते. पण ते लावून पाहिले तर फार दूरवर जाते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाने ह्या भागात गावे झाडली आणि व्यसने सोडविली. पण गावाने सायंकाळी सामुदायिक प्रार्थनेस बसावे, ही त्यांची इच्छा त्यांनी कधी लपविली नाही. बाबा आमट्यांनी वरोड्यास आनंदवन उभारले. तेथे येणाऱ्या कुष्ठरोग्याने भिक्षेचा कटोरा टाकून श्रमाची भाकर खावी, हा त्यांचा आग्रह होता. म्हणजे दोघांनाही घेणाऱ्याचे जीवन बदलावयाचे होते. ज्यास दुसऱ्यात काहीच बदल घडलेला पाहावयाचा नाही, तो सेवेच्या वाटेस जाईलच कशाला? ज्या वस्तूने आपले कल्याण झाले असे मनुष्यास प्रामाणिकपणे वाटते, ती शेजाऱ्यासही मिळावी असे त्याला न वाटले, तरच ते नवल होय. तेव्हा हेतू असणे हा दोष म्हणता येत नाही.

दुसरे उत्तर असे की, भुकेल्यास अन्न मिळाले, आजाऱ्यास औषध मिळाले, मग देणाऱ्याच्या मनात काय होते याची उठाठेव कशाला? हे उत्तर उदार दिसते. परंतु ते घेणाऱ्याला केवळ पोट समजते. मनुष्य तांदूळ घेतो तेव्हा त्याच्यासोबत एक ओझेही घेतो, आणि त्या ओझ्याचे नाव उपकार. शिवाय आपल्या समाजात धर्म बदलणे म्हणजे केवळ मत बदलणे नव्हे. त्यात रोटी आणि बेटी, मर्तिकाचे खांदेकरी आणि लग्नाचा मांडव हे सारे बदलते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांना कोणी तांदूळ दाखविले नव्हते, ते आपल्या विचाराने व तळमळीने गेले. तरीही लक्ष्मीबाईंना कित्येक वर्षे पतीपासून दूर काढावी लागली, आणि त्या दिवसांत काय सोसावे लागले हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. ज्ञानी मनुष्याने जाणूनबुजून टाकलेल्या पावलाची जर एवढी किंमत पडते, तर कर्जात बुडालेल्या व तापाने फणफणलेल्या मनुष्याकडून तेच पाऊल टाकून घेणारा फार मोठी जबाबदारी आपल्या शिरावर घेतो.

मग मर्यादा कोठे आखावी? ह्या बाबतीत महाराष्ट्रातली एक जुनी घटना फार बोधप्रद आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. विधवांना आसरा व शिक्षण द्यावयाचे आणि कोणाच्या धर्मात हात घालावयाचा नाही, ह्या अटीवर अमेरिकेतील मंडळींनी पैसा दिला होता. रानडे व भांडारकर यांसारखे थोर पुरुष सल्लागार होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत. पण दार लावून घेत नसत. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. पुण्यात वादळ उठले. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या.

ह्यात कोणाचे चुकले? रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कोणावर सक्ती करीत नाही. पण माझ्याच घरात माझा देव मी चोरून का भजावा? ह्यात खोट काढता येत नाही. सल्लागारांना वाटे की, जिला दुसरे घर नाही, जिचे केस कापून जिला अंधाऱ्या खोलीत बसविले होते, तिच्या दृष्टीने आश्रयदात्रीचे उघडे दार हेही एक बोलावणेच आहे. ह्यातही खोट काढता येत नाही. परंतु त्याच सदनाची एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. सदनात शिकलेल्या पहिल्या विधवा गोदूबाई. त्या हिंदूच राहिल्या. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथबालिकाश्रम काढला व पुढे महिला विद्यापीठ उभारले, तेव्हा गोदूबाई, म्हणजे आनंदीबाई, त्यांच्या सहधर्मचारिणी होत्या. सदनात राहून, रमाबाईंचे अन्न खाऊन, त्यांच्या देवाला ‘नको’ म्हणता येत होते आणि तसे म्हणणाऱ्या मुलीस शिक्षण मिळत होते, हे ह्यावरून सिद्ध होते. दुसऱ्या काही मुलींनी ‘हो’ म्हटले. ज्या घरात ‘नको’ म्हणणे शक्य असते, त्याच घरातल्या ‘हो’ला काही मोल असते.

मला दिसते ती मर्यादा हीच. सेवेची परीक्षा देणाऱ्याच्या हेतूवरून करू नये; कारण दुसऱ्याच्या अंतःकरणात डोकावण्याचे साधन आपणापाशी नाही, आणि स्वतःच्या अंतःकरणाविषयी मनुष्य पुष्कळदा फसतो. ती परीक्षा घेणाऱ्याच्या नकारावरून करावी. नकारापूर्वी जे मिळत होते तेच नकारानंतरही मिळत राहिले काय? त्या कल्पित घरातील सुनेने रविवारच्या प्रार्थनेस येणार नाही असे सांगितल्यावर, पुढच्या तापाच्या वेळी तीच गाडी, तितक्याच लगबगीने, दाराशी आली काय? आली असेल तर खाटेशेजारची प्रार्थना ही शेजाऱ्याची सद्भावना होय. न आली तर पहिले तांदूळही विसार म्हणून दिले होते, असे समजावे.

ख्रिस्ती बांधवांना हे परके वाटण्याचे कारण नाही. त्यांच्याच शास्त्रातील शोमरोनी मनुष्याच्या दृष्टांतात, वाटेत जखमी पडलेल्या परजातीच्या मनुष्यास तो उचलतो, धर्मशाळेत ठेवतो, खर्चाचे पैसे देतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. तो जखमी पुढे शोमरोनी झाला की नाही, हे कथा सांगतच नाही. आपल्याकडे नाथांनी रामेश्वरासाठी आणलेले कावडीतील पाणी तहानलेल्या गाढवाच्या मुखी घातले, अशी कथा आहे; आणि गाढव तर वारकरी होण्याचा संभवच नव्हता! दोन्ही परंपरांनी आदर्श म्हणून निवडलेल्या कथांत घेणाऱ्याकडून काही परत आल्याचा उल्लेखही नाही, हे विचार करण्याजोगे आहे.

ह्या एका कसोटीतून तीन नियम आपोआप निघतात. एक, जे सांगावयाचे ते घरच्या वडीलधाऱ्यांच्या समक्ष सांगावे. कुटुंबाची सेवा करावयास येऊन एकेका माणसास बाजूला घेऊ नये. दुसरा, लहान मूल आणि मरणोन्मुख मनुष्य यांच्यापुढे हा विषयच काढू नये. कारण त्यांना नकार देता येत नाही. तिसरा, देणाऱ्याने घेणाऱ्याकडूनही काही घ्यावे. निदान त्याच्या घरचा भात खावा, त्याच्या देवाच्या उत्सवात शेजारी म्हणून जावे. ज्याच्याकडून आपण काहीच घेत नाही, त्याला आपण आपला ऋणको करून ठेवतो.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, गरिबाचा नकार हा केवळ कागदोपत्री असतो. जेथे दवाखाना एकच, तेथे ‘नको’ म्हणण्याची छाती कोणाची? हा आक्षेप वजनदार आहे. चांदा जिल्हा मध्यप्रदेशात असतानाच, १९५४ मध्ये, नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनांच्या कार्याची चौकशी करण्यास समिती नेमली गेली. १९५६ च्या आपल्या अहवालात तिने, वैद्यकीय सेवेचा धर्मांतराचे साधन म्हणून उपयोग करण्यास कायद्याने बंदी असावी, अशी शिफारस केली. पुढे १९६८ मध्ये मध्यप्रदेशाने बळ, कपट व प्रलोभन यांनी होणाऱ्या धर्मांतरास बंदी केली, आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. बळ आणि कपट कायद्यास ओळखता येते. परंतु प्रलोभन कशास म्हणावे? तापात दिलेली गोळी हे प्रलोभन काय? तसे म्हटले तर दयेलाच गुन्हा ठरवावे लागेल.

शिवाय त्या आक्षेपाच्या पोटी गरिबाविषयी एक तुच्छताही लपलेली असते. तो चार पायल्या तांदळासाठी देव बदलील, हे आपण फार सहज गृहीत धरतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास आणि १६ ऑक्टोबरास चांद्यास डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत जो समुदाय बौद्ध झाला, त्यात पोटापुरते न मिळणारे लोक असंख्य होते. त्यांना मिळावयाचे काहीच नव्हते. उलट केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या सवलतींना ते मुकले आणि १९९० पर्यंत त्या त्यांना परत मिळाल्या नाहीत. गरीब मनुष्य मानासाठी पदरचे घालवूनही धर्म बदलतो, ह्याची साक्ष आमच्याच जिल्ह्याने पाहिली आहे.

तरीही एकुलत्या एका दाराचा प्रश्न उरतोच. आणि त्याचे उत्तर ते दार बंद करणे हे नसून शेजारी दुसरे दार उघडणे हे आहे. प्रलोभनाचे सामर्थ्य देणाऱ्याच्या थैलीत नसते. ते बाकीच्यांच्या अनास्थेत असते. सरकारी दवाखान्यात डॉक्टर हजर असेल, सावकाराखेरीज कोणी उसने देणारा असेल, जातभाई आजाऱ्याच्या उशाशी येऊन बसत असतील, तर चर्चच्या मंडळींनी आणलेले तांदूळ केवळ तांदूळच राहतील. आणि त्यांनाही आपली सेवा निर्मळ ठेवणे सोपे जाईल. रजनीकांत व मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य १९७० मध्ये जामखेडास आले. त्यांनी गावोगावच्या बायकांना, त्यांत अस्पृश्य गणलेल्या व निरक्षर बायकांनाही, आरोग्याचे ज्ञान देऊन आपापल्या गावच्या सेविका बनविले. ती सेवा ख्रिस्ती श्रद्धेतून उगवली होती. परंतु तिचे फळ म्हणजे घेणारीच देणारी झाली. नकाराच्या स्वातंत्र्याची ह्याहून मोठी हमी दुसरी नाही. कारण जिला स्वतःच्या लेकराचा ताप ओळखता येतो व उतरविता येतो, तिला कोणाच्याही देवाला ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणताना भीती वाटत नाही.

म्हणून त्या घरातल्या म्हाताऱ्याच्या शंकेचे उत्तर चर्चने द्यावयाचे आहे, आणि ते नकारानंतरच्या आपल्या वागणुकीने द्यावयाचे आहे. पण सुनेने विचारलेला प्रश्न चर्चला नाही. तो तुम्हाआम्हाला आहे, आणि दुसऱ्यांच्या हेतूची कितीही चिकित्सा केली तरी त्याचे उत्तर दिल्यासारखे होत नाही.