वाढ, विमा आणि न्याय

मनुष्याची उंची ही त्याच्या योग्यतेचे माप नव्हे, हे आपण सारेच जाणतो. वामनमूर्तीपुढे मस्तक नमविणाऱ्या समाजाला हे निराळे शिकविण्याचे कारण नाही. तथापि आपले मूल समवयस्कांच्या मानाने वाढत नाही असे ध्यानात आले, म्हणजे हे ज्ञान आईबापांच्या मनाला पुरत नाही. आणि उपचार उपलब्ध असूनही तो ऐपतीबाहेरचा आहे असे कळले, म्हणजे दुःखाबरोबर एक प्रश्नही उभा राहतो. या मुलाच्या वाढीचा खर्च कोणी सोसावा? आईबापांनी, की समाजाने?

हा प्रश्न मला ग्रंथांतून सुचलेला नाही. माझे आतेबंधू अमेरिकेत न्यू जर्सी येथे नोकरीस आहेत. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाची वाढ मंदावली. डॉक्टरांनी डाव्या हाताचा एक्स-रे घेऊन हाडांचे वय पाहिले, रक्त तपासले आणि ग्रोथ हार्मोनची इंजेक्शने सुचविली. विमा कंपनीने मात्र नकार कळविला. उत्तेजक औषध देऊन रक्तातील हार्मोन मोजतात, त्या दोन्ही चाचण्यांत आकडा दहाच्या आत असावा, असा तिचा नियम. मुलाचा आकडा एका चाचणीत आठ, तर दुसरीत साडेदहा. बंधू दूरध्वनीवर मला म्हणाले, "अरे, मी दरमहा हप्ता भरतो. मग आता मागतो आहे तो हक्क की भिक्षा?" मला तत्काळ उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा प्रयत्न होय.

या औषधाचा इतिहास बोधप्रद आहे. १९५८ साली बोस्टनचे डॉ. मॉरिस रॅबेन यांनी मानवी ग्रोथ हार्मोनने एका रुग्णाची वाढ झाल्याचे प्रसिद्ध केले. तेव्हा हे द्रव्य मृत मनुष्याच्या मेंदूतळीच्या पिट्यूटरी ग्रंथीतून काढावे लागे. ते इतके दुर्मिळ होते की, ज्यांच्या शरीरात त्याचा स्पष्ट अभाव आहे अशा मोजक्या बालकांनाच मिळे. १९८५ साली अशा द्रव्यामुळे काही रुग्णांना मेंदूचा प्राणघातक विकार जडल्याचे उघड झाले आणि अमेरिकेत त्याचे वाटप थांबले. त्याच वर्षी प्रयोगशाळेत निर्मिलेल्या हार्मोनला मान्यता मिळाली. द्रव्याची टंचाई संपली. परंतु तिच्या जागी पैशाची टंचाई आली. या उपचाराला वर्षाकाठी हजारो डॉलर लागतात, आणि तो अनेक वर्षे चालतो.

औषध मुबलक होताच त्याचा अधिकारी कोण, हा वाद वाढला. टर्नर व प्रॅडर-विली या जन्मजात विकारांसाठी त्याला मान्यता मिळाली, हे सर्वांस पटण्यासारखेच होते. परंतु २००३ साली, हार्मोनचा अभाव नसून केवळ अत्यंत ठेंगणी असलेल्या मुलांसाठीही अमेरिकन शासनाने ते मान्य केले. उंचीच्या क्रमात सर्वांत खालची सुमारे १.२ टक्के मुले यांत येतात. अशा मुलांच्या बाबतीत एक इंच उंचीला बावन्न हजार डॉलरांहून अधिक खर्च पडतो, असा अंदाज २००६ साली तेथील संशोधकांनी मांडला. विमा कंपन्या आखडता हात घेतात त्याचे मूळ येथे आहे.

आता दोन मुलांची कल्पना करा. दोघेही पुढे सारखेच ठेंगणे राहणार. एकाची ग्रंथी दुबळी आहे. दुसऱ्याचे आईबापच ठेंगणे आहेत. शाळेतील चेष्टा दोघांच्या वाट्याला सारखीच. मग एकाला औषध व दुसऱ्याला नकार, हा न्याय काय? प्रथमदर्शनी नव्हे, असे वाटते. परंतु विमा हा सामायिक निधी आहे. आपल्या मंदिराच्या अन्नदान निधीतून चिटणीसाने प्रत्येकाची इच्छा पुरवावयाची म्हटले, तर भुकेल्याचे पान रिकामे राहील. शिवाय ग्रंथीच्या विकारात प्रश्न केवळ उंचीचा नसतो. त्यात तान्ह्या बालकाच्या रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. स्नायू व हाडे यांचे बळही खुंटते. म्हणून कोठे तरी रेषा आखावी लागणार, आणि आजाराला इच्छेच्या आधी स्थान द्यावे लागणार, हे मला मान्य आहे.

परंतु रेषा आखणाऱ्यावरही बंधन आहे. दहा हा आकडा मनुष्याने सोयीसाठी ठरविलेला आहे. निसर्गाने तेथे कुंपण घातलेले नाही. ही चाचणी इतकी चंचल आहे की, एकाच मुलाचे दोन दिवसांचे आकडे जुळत नाहीत आणि निरोगी मूलही कधी कधी तीत अनुत्तीर्ण होते. म्हणूनच डॉक्टर अनेक वर्षांच्या वाढीचा आलेख, हाडांचे वय व इतर लक्षणे एकत्र पाहतात. केवळ आकडा पाहून नकार देणे म्हणजे मूल न पाहताच निवाडा करणे होय. विमा कंपनी निधीची विश्वस्तही असते आणि नफा पाहणारी व्यापारीही असते. या दोन भूमिकांत विरोध उत्पन्न झाला, तर निवाडा तिसऱ्याने करावा, हाच नीतीचा मार्ग. अमेरिकेतील २०१० च्या कायद्याने हे तत्त्व स्वीकारले. कंपनीकडे फेरविचार मागावा, आणि तोही फसला तर वैद्यकीय गरजेच्या प्रश्नावर स्वतंत्र तज्ज्ञांकडे दाद मागावी. त्यांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो.

आतेबंधूंनी तेच केले. डॉक्टरांचे सविस्तर पत्र, चार वर्षांचा आलेख व दोन्ही चाचण्या त्यांनी पाठविल्या. आठ महिन्यांनी निर्णय मुलाच्या बाजूने लागला. सर्वांस आनंद झाला. पण हाडांची वाढीची टोके तारुण्यात मिटून जातात, आणि एकदा मिटली म्हणजे कोणताही निवाडा ती उघडू शकत नाही. धनकोचे पैसे उशिरा मिळाले तर व्याजासह मिळतात; बालकाच्या गेलेल्या महिन्यांना व्याज नाही. म्हणून येथे विलंब हा अर्धा नकारच होय. आणखी एक विचार मला सोडीत नाही. ज्या बापाला अशी पत्रे लिहिता येत नाहीत, पहिल्या नकारालाच जो शेवटचा समजतो, त्याच्या मुलाचे काय? चिकाटी असणाऱ्यालाच मिळणारा न्याय हा पूर्ण न्याय नव्हे.

आपल्याकडे आरोग्यविमा मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चाचा असतो. घरी रोज घ्यावयाच्या इंजेक्शनांचा भार बहुधा कुटुंबावरच पडतो. तथापि केंद्र शासनाच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात सिद्ध झालेल्या ग्रोथ हार्मोनच्या अभावाचा समावेश आहे, आणि मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय व हैदराबादची सी. डी. एफ. डी. ही संस्था त्या धोरणाखालील केंद्रांपैकी आहेत. गरजू कुटुंबाने तेथे चौकशी करण्यास संकोच करू नये.

आईबापांचेही एक कर्तव्य आहे. अर्जात आपण मुलाचे न्यून अधोरेखित करतो. ते शब्द त्याच्या कानी पडतात. आतेबंधूंच्या मुलाने एके रात्री विचारले, "बाबा, मी नापास झालो का?" औषध शरीराच्या वाढीसाठी आहे, त्याची किंमत वाढावी म्हणून नव्हे, हे मुलाला घरातच उमगले पाहिजे.

आतेबंधूंना माझे उत्तर असे: दादा, ही भिक्षा नव्हे, हक्कच आहे. परंतु तो मनात येईल ते मिळविण्याचा हक्क नाही. आपले मूल कोणी तरी नीट पाहावे, कारण सांगून निर्णय द्यावा आणि तो वेळेत द्यावा, हा तो हक्क होय. तो तुमच्या मुलाचा आहे, तितकाच पत्र लिहू न शकणाऱ्याच्या मुलाचाही आहे. आपणांपैकी ज्यांना लेखणी धरता येते, त्यांनी शेजारच्याचा एखादा अर्ज लिहून दिला, तर तेही अन्नदानाइतकेच पुण्यकर्म ठरेल.